शेव्ही ३५० ला बाजारातला चेंबर बसवताना

गॅरेजात ज्याला आपण चेंबर म्हणतो तो ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात, बदलणं वरवर सोपं वाटतं. अठरा बोल्ट काढायचे, जुनं पॅकिंग खरवडायचं, नवा चेंबर लावायचा. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ वर मूळ कंपनीचा चेंबर परत लावत असाल तर काम खरंच एवढंच आहे. बाजारातला चेंबर आणला की मात्र तो ब्लॉकला, पंपाला, क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला), स्टार्टरला आणि गाडीच्या स्टिअरिंगला असा पाच ठिकाणी जुळावा लागतो. पॅकेटवर ‘३५० साठी’ लिहिलेलं असलं तरी या पाचांची खात्री ते लेबल देत नाही.

हे इंजिन १९५५ साली २६५ क्युबिक इंचांचं आलं, ३५० चा अवतार १९६७ च्या कॅमॅरोत आला. खाली दिलेले आकडे याच घराण्याचे, म्हणजे १९५५ ते १९८५ च्या दोन तुकड्यांच्या मागच्या सीलच्या ब्लॉकचे आहेत. मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्स कारखान्यात जुळवलेल्या जुन्या शेव्हरोले आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलीत दिसतात, त्यांना यातलं काही लागू करू नका. हे व्ही-८ यायच्या आधीच तो कारखाना बंद झाला होता.

विकत घेण्याआधी

पहिलं पाहायचं मागचं सील. १९८५ पर्यंतच्या ब्लॉकला क्रँकचं मागचं सील दोन अर्ध्या तुकड्यांचं, १९८६ पासून एकसंध. एकसंध सीलसाठी मागे वेगळं हाउसिंग असतं, त्यामुळे चेंबरची मागची कमान मोठी लागते. एकाचा चेंबर दुसऱ्यावर बसत नाही. सीलंटचा थर लावून बसवायचा प्रयत्नही करू नये.

दुसरं, डिपस्टिकची बाजू. १९७९ पर्यंतच्या ब्लॉकला ती ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीत डावीकडे. १९८० पासून उजवीकडे. चेंबरच्या त्याच बाजूला डिपस्टिकसाठी फुगवटा असतो. बाजू चुकली तर नळी चेंबरच्या पत्र्यावर किंवा आतल्या बॅफलवर (तेल हिंदकळू न देणाऱ्या आडपत्र्यावर) टेकते. गाडीच्या नोंदणीच्या सालावर जाऊ नका. पन्नास वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर वाचा आणि डिपस्टिकचं भोक डोळ्यांनी बघा.

तिसरं, पुढची कमान. टायमिंग कव्हरखाली येणारं रबरी सील दोन जाडीत मिळतं: १९७४ पर्यंतच्या चेंबरला पातळ, १/४ इंची, १९७५ पासून जाड, ३/८ इंची. बाजारातल्या चेंबरला दोहोंपैकी कोणतंही लागू शकतं, कारण बनवणाऱ्याने कोणता साचा घेतला ते बाहेरून कळत नाही. चेंबर उताणा ठेवा, दोन्ही काठांवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून पुढच्या कमानीच्या सर्वांत खोल जागेपर्यंत मोजा. २ १/४ इंच (५७ मिमी) भरलं तर पातळ सील, २ ३/८ इंच (६० मिमी) भरलं तर जाड. पातळच्या जागी जाड लावलं तर चेंबरचं नाक वर राहतं आणि काठाचे बोल्ट ओढता ओढता पत्रा वाकतो. जाडच्या जागी पातळ लावलं तर पुढून तेल पाझरणारच.

चौथं, गाडी कोणती. १९६२ ते १९६७ च्या शेव्ही टू आणि नोव्हात स्टिअरिंगची जोडदांडी इंजिनाच्या मागच्या भागाखालून जाते, म्हणून त्यांना तेलाची टाकी पुढे असलेला खास चेंबर लागतो. कॅमॅरो, शेव्हेल यांसारख्या बहुतेक गाड्यांत टाकी मागे. रेसिंगसाठी बाजूंना फुगवलेला चेंबर घेत असाल तर उजवीकडे स्टार्टर येतो हे लक्षात ठेवा. मूळचा मोठा स्टार्टर त्या फुगवट्याला लागतो, तिथे गिअर-रिडक्शनचा छोटा स्टार्टर घ्यावा लागतो. एक्झॉस्टचे जाड नळ्यांचे हेडर बसवले असतील तर तीही जागा तपासा.

कोणता चेंबर घ्यावा? रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला दाबपत्र्याचा, मूळ आकाराचा, आत बॅफल असलेला चेंबर पुरतो. क्रोमचे स्वस्त चेंबर टाळावेत. दिसायला छान, पण काठावरचा मुलामा गुळगुळीत असल्याने पॅकिंग सरकतं आणि पत्राही बहुधा पातळ. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर कडक असतो, काठ वाकत नाही, पण खालून दगड लागला तर पत्र्यासारखा दबत नाही, तडकतो. वळणावर किंवा ट्रॅकवर जोरात चालवायची असेल तरच झडपांच्या बॅफलवर पैसे घाला. तेल वळणात एका बाजूला पळतं, पिकअप (पंपासाठी तेल ओढणारी, टोकाला जाळी असलेली नळी) उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग जाऊ शकतं. त्या झडपा तेल पिकअपकडे येऊ देतात, परत जाऊ देत नाहीत.

नवा चेंबर बसवण्याआधी तपासा

नवा आहे म्हणून निर्दोष आहे असं धरू नका. काठ सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर पालथा ठेवा आणि भोवती फिलर गेज फिरवा. ०.२५ मिमीची पाती कुठे सहज शिरत असेल तर काठ सरळ करावा लागेल. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर उचललेला असेल तर काठाखाली लाकडी ठोकळा धरून हातोडीने हलके ठोकून सपाट करा.

वेल्डिंगचे जोड असतील तर गळतीची चाचणी घ्या. बाहेरून जोडांवर पांढरा खडू घासा, आत जोड बुडतील इतकं रॉकेल ओता आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवून द्या. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी सकाळी खडूवर ओला डाग दिसतो. ही चाचणी आता एका रात्रीत होते. तोच दोष गाडीत सापडला तर अख्खा चेंबर परत उतरवावा लागतो.

ड्रेन प्लग काढून आटे पाहा. मूळ प्लग १/२-२० चा. बाजारातल्या चेंबरला वेगळा असू शकतो, म्हणून जुना प्लग ठोकून घालू नका. शेवटी आतून बाहेरून साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, पांढऱ्या फडक्याने पुसा. वेल्डिंगचे मणी आणि पत्र्याचा कीस बॅफलच्या कोपऱ्यात हमखास असतो.

जुना उतरवणं

इंजिन स्टँडवर असेल तर हा भाग सोडून द्या. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत इंजिन जागेवर ठेवून चेंबर काढायचा तर ते वर उचलावं लागतं. बॅटरीची तार काढा, तेल उतरवा, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा (नाहीतर उचलताना मागच्या भिंतीवर आपटून फुटते), पंख्याचं आवरण सोडवा, स्टार्टर आणि फ्लायव्हीलखालचं कव्हर काढा, एक्झॉस्टचे पाइप मोकळे करा. इंजिन माउंटचे आडवे बोल्ट काढून वरून साखळीने उचला आणि माउंटखाली लाकडी ठोकळे सरकवा. साखळीवर लटकलेल्या इंजिनाखाली हात घालू नका. वजन ठोकळ्यांवर आलं की मगच खाली जा. गाडीही जॅकवर नको, पक्क्या स्टँडवर हवी.

क्रँक हाताने फिरवून त्याच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परच्या चाकावरची टायमिंगची खूण सहा वाजण्याच्या जागी आणा. त्या स्थितीत क्रँकची पुढची वजनं वर जातात आणि चेंबर निघायला वाट मिळते. हे माहीत नसलं की माणूस तासभर चेंबर वाकवत बसतो.

ब्लॉकचा काठ प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने साफ करा. ड्रिलवर फिरणाऱ्या खरखरीत चकत्या वापरू नका. त्यांची पूड बेअरिंगमध्ये जाते. मग ब्रेक क्लीनरने पुसा. बोल्टच्या भोकांतलं तेलही काढा, नाहीतर टॉर्क (बोल्ट कसण्याचा मोजलेला जोर) खोटा दाखवतो.

चेंबर उघडा आहे तोवर मागचं दोन तुकड्यांचं सील बदलून घ्यावं असंच आम्ही सांगू. ओठ इंजिनाच्या आतल्या बाजूला, आणि दोन तुकड्यांचे सांधे मेन कॅपच्या (क्रँक धरून ठेवणाऱ्या टोपीच्या) सांध्याशी जुळू न देता साधारण १० मिमी सरकवलेले. टोकांवर सीलंटचा बारीक ठिपका. सगळे आकडे त्या कामाचे वेगळे आहेत, मेन कॅपचा टॉर्क आपल्या सालाच्या मॅन्युअलमधून घ्या.

पिकअप: सगळा खेळ इथे आहे

गळणारा चेंबर जमीन खराब करतो, चुकीच्या उंचीचा पिकअप इंजिन खराब करतो. तरी गळतीची काळजी जितकी घेतली जाते तितकी याची घेतली जात नाही, कारण चेंबर लागला की पिकअप दिसत नाही.

पिकअपची जाळी आणि चेंबरचा तळ यांत १/४ ते ३/८ इंच अंतर हवं, म्हणजे ६ ते ९.५ मिमी. कमी असेल तर तेलाला जाळीखाली शिरायला वाट कमी पडते. आयडलिंगला दाब चांगला दिसतो आणि ४००० फेऱ्यांच्या वर काटा खाली येऊ लागतो. जास्त असेल तर ब्रेक लावल्यावर किंवा जोरात निघाल्यावर जाळी उघडी पडते. मूळचा चेंबर साधारण ७ १/२ इंच खोल आहे. बाजारातले त्याहून उथळही आहेत आणि खोलही, म्हणून चेंबरसोबत त्याच खोलीचा पिकअप घेणं उत्तम. जास्त प्रवाहाचा पंप लावला असेल तर त्याचे गिअर लांब असल्याने पंपाचं शरीरही लांब होतं आणि पिकअप आणखी खाली येतो. साध्या बेअरिंग-फटींच्या रस्त्यावरच्या इंजिनाला तसा पंप लागत नाही, उलट डिस्ट्रिब्युटरच्या गिअरवर ताण वाढतो.

मोजायची रीत अशी. इंजिन उलटं असेल तर पंप पूर्ण कसून बसवा. त्याचा बोल्ट ७/१६ इंची, टॉर्क ६५ फूट-पाउंड (८८ न्यूटन-मीटर). ब्लॉकच्या काठावर पट्टी आडवी ठेवून काठापासून जाळीच्या सर्वांत उंच जागेपर्यंत मोजा. मग चेंबरच्या काठापासून तळापर्यंत, बरोबर जाळी येते त्या जागी मोजा, कारण तळ सगळीकडे सारखा खोल नसतो. चेंबरच्या खोलीत दाबलेल्या पॅकिंगची जाडी मिळवा आणि पिकअपचं माप वजा करा. चेंबर १९० मिमी, पॅकिंग ३ मिमी, पिकअप १८५ मिमी असेल तर अंतर ८ मिमी. हे चालेल.

हिशेबावर थांबू नका, मातीनेही पडताळा. मुलांच्या खेळायच्या मातीचा १२ मिमी जाड गोळा जाळीवर ठेवा, वर पातळ प्लास्टिक, म्हणजे चेंबरला चिकटणार नाही. कोरडं पॅकिंग ठेवून चेंबर बसवा, चार कोपऱ्यांचे बोल्ट हलके ओढा, परत काढा. माती सुरीने कापून जाडी मोजा. गाडीत खालून काम करताना तर हीच एक भरवशाची रीत आहे.

पिकअपची नळी पंपात दाबून बसलेली असते, फक्त घर्षणावर. ती कंपनाने सैल होऊन पडली तर पंप फेस ओढतो. उंची ठरली की नळी पंपाला ब्रेझिंगच्या ठिपक्याने पक्की करा, किंवा ज्याच्या पट्टीला बोल्ट येतो असाच पिकअप घ्या. ब्रेझिंग करण्याआधी पंप उघडून गिअर आणि दाबझडपेची स्प्रिंग काढून ठेवा. उष्णतेने स्प्रिंगचा जोर गेला तर दाब कायमचा कमी होतो आणि कारण सापडत नाही. उंची वाढवायची-घटवायची तर नळी पंपात फिरवून कोन बदला, जाळी मात्र तळाशी समांतर राहू द्या.

पंप लावताना पंप आणि डिस्ट्रिब्युटर जोडणारी दांडी आधी जागेवर हवी. ती वरून घालता येत नाही. जुन्या दांडीवरची नायलॉनची बाही वयाने ठिसूळ होते, पोलादी बाहीची नवीन दांडी घ्या. बसवल्यावर दांडी वर-खाली किंचित हलली पाहिजे. घट्ट अडकली तर पंपाचं झाकण झिजतं.

कोरडा बसवून क्रँक फिरवा

आता सीलंटशिवाय, पॅकिंग ठेवून चेंबर लावा, सहा-आठ बोल्ट ओढा आणि क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. स्पार्क प्लग काढलेले असले की जोर लागत नाही आणि हलकासा स्पर्शही हाताला कळतो. टिक असा आवाज आला, किंवा एका जागी जड गेलं, तर थांबा. चेंबर काढून आत घासल्याची खूण शोधा. आधी निळी शाई किंवा मार्कर फासून ठेवला असेल तर जागा लगेच सापडते.

स्ट्रोक वाढवलेल्या ३८३ मध्ये, जिथे स्ट्रोक ३.४८ वरून ३.७५ इंच होतो, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट चेंबरच्या काठाजवळ आणि विंडेज ट्रेला (क्रँक आणि तेल यांच्यामधल्या पत्र्याला) लागतात. फिरत्या भागापासून किमान १.५ मिमी, शक्यतो ३ मिमी अंतर ठेवा. त्याचबरोबर पंपाचा कोपरा बॅफलला टेकत नाही ना, झडपा मोकळ्या हलतात ना आणि डिपस्टिक पूर्ण आत जाऊन क्रँकला लागत नाही ना, हे पाहा. गाडीत असाल तर इंजिन माउंटवर खाली उतरवून, पुढची चाकं दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, स्टिअरिंगच्या दांड्या चेंबरपासून दूर राहतात ते तपासा.

हा कोरडा बसवणं-काढणं दोन-तीनदा करावं लागतं. कंटाळा येतो, पण सीलंट लावल्यावर चूक सापडली तर सगळं पुसून नव्या पॅकिंगने सुरुवात करावी लागते.

पॅकिंग आणि बोल्ट

चार तुकड्यांचं कॉर्क-रबर पॅकिंग स्वस्त आहे, पण चार सांधे म्हणजे चार गळतीच्या जागा. आत पोलादी गाभा असलेलं एकसंध रबरी पॅकिंग घ्या. तेही पातळ आणि जाड नाकाचं वेगवेगळं येतं, वर मोजलेल्या मापाप्रमाणे मागा.

सीलंट फक्त चार कोपऱ्यांत: जिथे टायमिंग कव्हर ब्लॉकला भेटतं तिथे दोन, जिथे मागची मेन कॅप ब्लॉकला भेटते तिथे दोन. वाटाण्याएवढा ठिपका पुरे. रबरी पॅकिंगला सगळीकडे सीलंट फासलं की ते साबणासारखं घसरतं आणि ओढताना बाहेर पिचकतं. आत पिळून आलेले तुकडे नंतर जाळीत अडकतात. सीलंट लावल्यापासून दहा मिनिटांच्या आत चेंबर जागेवर हवा.

खालून बसवताना चार १/४-२० बोल्टची डोकी कापून त्यांचे मार्गदर्शक खुंट करा आणि चार ठिकाणी हाताने घाला. पॅकिंग त्यांवर अडकवा, चेंबर सरळ वर न्या, बाकी बोल्ट लावून मग खुंट काढा. पॅकिंग सरकत नाही.

बोल्ट इंची आट्यांचेच हवेत. काठावर चौदा १/४-२०, कमानींच्या टोकांशी चार ५/१६-१८. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहजी मिळणारा ६ मिमीचा बोल्ट १/४ च्या भोकात ढिला फिरतो, पकडल्यासारखा वाटतो आणि ओढताना आटे घेऊन बाहेर येतो. ८ मिमीचा ५/१६ मध्ये जबरदस्तीने जातो आणि आटे मारतो.

सगळे बोल्ट आधी बोटांनी. मग मधून टोकांकडे, एकदा डावीकडचा एकदा उजवीकडचा, तीन फेऱ्यांत ओढा. शेवटची फेरी: १/४ च्या बोल्टना ८० इंच-पाउंड (९ न्यूटन-मीटर), ५/१६ च्या बोल्टना १६५ इंच-पाउंड (१८.६ न्यूटन-मीटर). पॅकिंगसोबत वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा. हे इंच-पाउंड आहेत, फूट-पाउंड नव्हेत. मोठा टॉर्क पाना इतक्या कमी मापात विश्वासाचा नाही, १/४ ड्राइव्हचा छोटा घ्या. जास्त ओढल्याने गळती थांबत नाही, बोल्टांच्या मधला काठ फुगतो आणि तिथूनच सुरू होते. कॉर्क लावलं असेल तर पहिल्या गरम-थंड फेरीनंतर एकदा पुन्हा टॉर्क तपासा. पोलादी गाभ्याच्या पॅकिंगला पुन्हा ओढायची गरज नाही.

ड्रेन प्लग नव्या वायसरसह २० फूट-पाउंड.

तेल, डिपस्टिक आणि पहिला स्टार्ट

तेल भरण्याआधी सीलंटला २४ तास द्या. मूळ चेंबरला फिल्टरसह ५ क्वार्ट, म्हणजे ४.७ लिटर तेल लागतं. बाजारातला सात क्वार्टचाही असतो, आणि तेव्हा जुन्या डिपस्टिकवरची खूण निरर्थक ठरते. चेंबर पूर्ण रिकामा असताना बनवणाऱ्याने चेंबरसाठी सांगितलेलं तेल मोजून ओता, गाडी सपाट जागी ठेवून अर्धा तास थांबा, डिपस्टिक बुडवा आणि तेल लागलं तिथे कानशीने नवी ‘पूर्ण’ची खूण करा. फिल्टरचं तेल त्यानंतर वेगळं घाला. खूण जास्त वर केली तर क्रँकची वजनं तेलात बुडतात, तेल फेसाळतं आणि दाब डळमळतो.

पंप उघडला असेल तर कोरडा स्टार्ट नको. डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी प्राइमिंगची दांडी घाला आणि ड्रिलने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. दांडीला डिस्ट्रिब्युटरच्या शरीरासारखी जाड बाही असलीच पाहिजे, नाहीतर तेलाची वाट तिथेच उघडी राहते आणि वर दाब पोचत नाही. दाब चढला की ड्रिल एकदम जड होतं. क्रँक पाव-पाव फेरा फिरवत सगळ्या रॉकरवर तेल येईपर्यंत चालू ठेवा.

सुरू केल्यावर काही सेकंदांत दाब दिसला नाही तर लगेच बंद करा. गरम इंजिनात दर १००० फेऱ्यांमागे १० पीएसआय हा जुना अंदाज अजूनही कामाचा आहे.

पुढच्या आठवड्यात मागे थेंब दिसला तर चेंबर उतरवायला धावू नका. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या कडेचं, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचं, तेलदाबाच्या सेन्सरचं आणि रॉकर कव्हरचं तेल ब्लॉकच्या मागून ओघळत येऊन चेंबरच्या कोपऱ्यावरच थेंब धरतं. मागचा भाग पूर्ण धुवा, वाळवा, वरपासून खालपर्यंत टाल्कम पावडर मारा आणि वीस मिनिटं चालवा. ओघळ जिथे सुरू होतो ती जागा पावडरवर स्पष्ट दिसते.